थिबा राजाची बोट आणि मुठेतली आगबोट

भाट्येकर
राम राम मंडळी. गेल्या महिन्यात पुण्याहून बहीण आली होती. तिच्या धाकट्याला (वय वर्षे दहा, प्रश्न दर मिनिटाला दोन) घेऊन थिबा पॅलेसला गेलो. पाहुणे आल्याशिवाय थिबा पॅलेस बघणारा रत्नागिरीकर अजून जन्मायचाय, त्यामुळे मीही सहा-सात वर्षांनी आत पाऊल टाकत होतो.

भाच्याला नेहमीची टेप लावली. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, १८८५ साली इंग्रजांनी मंडालेत पकडला, आधी मद्रासला ठेवला, १८८६ साली रत्नागिरीला आणला. हा वाडा १९१० सालचा, १९१६ साली राजा इथेच वारला. सगळं ऐकून घेतल्यावर साहेब म्हणाले, "मामा, मंडाले समुद्राजवळ आहे का?" म्हटलं नाही रे, पार आत आहे. "मग त्याला बोटीत कसं बसवलं?" म्हटलं नदीतून. "नदीत आगबोट?"

त्याच्या डोळ्यांसमोर मुठा होती हे लक्षात घ्या.

मी वेळ मारून नेली, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. समुद्रातली आगबोट आम्हा कोकणातल्या लोकांना नवी नाही, अर्धं घराणं तिच्यातूनच मुंबईला गेलं. पण नदीत, तेही शेकडो मैल आत, राजा-राणी आणि लवाजमा घेऊन जाणारी बोट कसली असेल? कोणी बांधली? थिबाला नेलं त्या बोटीचं नाव कुणाला ठाऊक आहे का? आणि एवढ्या नद्या असून आपल्याकडे हे का झालं नाही? जाणकारांनी प्रकाश टाकावा. भाचा गणपतीत परत येणार आहे, तोवर तयारी हवी.

खारेदाणे
मुठेतही चालेल की आगबोट. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पुलावरून. थांबे : डेक्कन, नदीपात्रातला पार्किंग तळ, संगम.

तिखटजाळ
@खारेदाणे, पार्किंगमधल्या गाड्याही सोबत तरंगत येतील, म्हणजे फेरीबोटीचा खर्च वाचला.

धाग्यावर बसले आहे. दर्यावर्दीकाका कुठे आहेत?

सुपारीबागायतदार
बोटीचं नाव 'क्लाइव्ह'. लहानपणी शाळेच्या सहलीत गुरुजींनी सांगितलेलं पक्कं लक्षात आहे. पुढचा प्रश्न विचारा.

भाट्येकर
@सुपारीबागायतदार, 'क्लाइव्ह' ही त्याला रत्नागिरीला घेऊन आलेली समुद्रातली बोट. मला मंडालेहून निघालेली नदीतली हवी आहे. गुरुजींना दंडवत, पण प्रश्न तसाच उभा आहे.

दर्यावर्दी
आलो. गोदीत ३४ वर्षं काढली, आता गुडघे आणि मी असे दोघे निवृत्त आहोत. बोटीच्या नावाचं दुसऱ्या कोणीतरी बघा, मी बांधणीचं सांगतो.

समुद्रातली बोट आणि नदीतली बोट यांत बैलगाडी आणि होडीइतका फरक असतो. समुद्राच्या बोटीला खोल बुडाची सोय लागते, नाहीतर लाटेत ती आडवी होईल. नदीला लाट नाही, पण पाणीही नाही. उन्हाळ्यात ब्रह्मदेशातल्या इरावतीसारखी अवाढव्य नदीसुद्धा मैलभर रुंद आणि ठिकठिकाणी कमरेएवढी खोल. वर दरसाल वाळूचे दांडे जागा बदलणार. म्हणून नदीची बोट म्हणजे एक भलंमोठं, सपाट बुडाचं ताट. माल, माणसं, बॉयलर सगळं वर रचायचं आणि पाण्याखाली जाईल तितकं कमी जाऊ द्यायचं.

आता चालवायचं कशाने? पंखा पूर्ण पाण्यात बुडाला तरच नीट काम करतो, म्हणजे त्याला खोली हवी. चाकाचं तसं नाही. दोन्ही कुशींना पवनचक्कीसारखी मोठी चाकं, त्यांच्या फळ्या पाण्यात जेमतेम हात-दीड हात बुडतात, तेवढ्यावर बोट पळते. फळी पाण्यात शिरताना आणि निघताना सरळ उभी राहावी म्हणून चाकाच्या आत दांड्यांची एक करामत असते, त्यामुळे पाणी आपटून ताकद फुकट जात नाही. पुढे पंख्यासाठी बुडात बोगद्यासारखी खाच ठेवायची युक्ती निघाली, मग पंख्याच्या बोटीही उथळ पाण्यात जाऊ लागल्या. तरी मोठ्या प्रवासी बोटींना चाकं बरीच वर्षं टिकली.

राहिला माल. तो बोटीत सगळा मावत नाही, म्हणून बोटीच्या दोन्ही कुशींना 'फ्लॅट' बांधायचे. फ्लॅट म्हणजे इंजिनाशिवायची तरंगती वखार. मधे आगबोट आणि काखेत दोन फ्लॅट अशी ही वरात नदीतून जायची. वळणावर काय तारांबळ उडत असेल ते रिक्षाला ट्रॉली लावून बघा.

कोलंबीकालवण
काका, लाजवाब. 'नदीला लाट नाही, पण पाणीही नाही' हे लिहून भिंतीवर लावणार आहे.

मी_चिपळूणकर
आपल्याकडे नव्हत्या असं कोण म्हणतो? आमच्या वाशिष्ठीत होत्या! मुंबईची बोट दाभोळला लागायची आणि तिथून लहान आगबोट खाडीतून वर गोवळकोटपर्यंत यायची. गोवळकोट म्हणजे चिपळूणचं बंदर. माझे पणजोबा भरतीची वेळ बघून घरातून निघायचे, घड्याळ बघून नाही. बोटीत शेजारी मगर दिसली तर सुट्टी लागल्याचा आनंद व्हायचा म्हणे, कारण वाशिष्ठीच्या मगरी दिसल्या की घर जवळ आलं.

संगमेश्वरी
@मी_चिपळूणकर, वाशिष्ठी नदी आहे, पण गोवळकोटपर्यंत जे आहे ती खाडी. पाणी खारट, भरती-ओहोटी. भरतीवर चालणारी बोट नदीची कशी? भाट्येकरांचा प्रश्न गोड्या पाण्याचा आहे.

मी_चिपळूणकर
@संगमेश्वरी, तुमच्या शास्त्री नदीला खाडी म्हणा हवं तर, आमच्या वाशिष्ठीला म्हणू नका.

संगमेश्वरी
शास्त्रीचं नाव काढायचं काम नाही. :)

दर्यावर्दी
भांडू नका. बांधणीच्या हिशेबाने चिपळूणकरांची बाजू बरोबर आहे. खाडीतल्या लाँचेसही कमी पाण्याच्याच लागतात. आणि मुंबईहून किनाऱ्याने बोटी चालवणाऱ्या सुरुवातीच्या एका कंपनीच्या इंग्रजी नावातच 'कोस्ट अँड रिव्हर' असे दोन्ही शब्द होते. म्हणजे साहेबालाही धरमतर, दाभोळ, बाणकोट हे नदीचे मार्गच वाटत होते.

वैनगंगा
कोकणातली मंडळी खाडीवरून भांडत असताना विदर्भातून एक अस्सल गोड्या पाण्याची गोष्ट देते. आपल्याकडे नदीत आगबोटी आणायचा घाट घातला होता, तो गोदावरीत. गडचिरोली जिल्ह्यातलं सिरोंचा, जिथे प्राणहिता गोदावरीला मिळते, तिथवर.

धवळेश्वरमचं धरण बांधणारे सर आर्थर कॉटन (धरण १८५२ साली पुरं झालं) यांचं ठाम मत होतं की हिंदुस्थानाला रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त पडतील. हिंगणघाट-वर्ध्याचा कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा होडीने काकीनाड्याला न्यायचा, ही योजना. अडचण अशी की वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे : दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि सिरोंच्याच्या वरचा देवलमरी. तिथे बंधारे, कालवे, दरवाजे बांधून बोट वर चढवायची. १८६०च्या दशकात जंगलात, हिवतापात हे काम चाललं. मजूर पळून जायचे, साहेब आजारी पडायचे. तेवढ्यात १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि कापूस मुंबईला जाऊ लागला. १८७१ साली काम सोडून दिलं. खालच्या पट्ट्यात, राजमहेंद्रीपासून भद्राचलमकडे, बोटी चालल्या. वर आमच्यापर्यंत आगबोटीचा नियमित मार्ग काही आला नाही.

सिरोंच्याला नदीकाठी उभं राहिलं की पटतं. पावसाळ्यात समुद्र, आणि मार्चमध्ये पोरं मधल्या खडकांवर बसून मासे भाजतात.

भाट्येकर
@वैनगंगा, हे निव्वळ सोनं आहे. सिरोंच्याला आगबोट! माझ्या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणायचं. खडक, चार महिन्यांचं पाणी आणि रेल्वे.

ठाणेकर_मूळचे
पण हे तर गंगेतही झालं ना? तिथे तर बारमाही पाणी. मग गंगेतल्या आगबोटी कुठे गेल्या? सगळा दोष खडकांना देऊ नका.

मिष्टीदोई
बारा वर्षं कोलकात्यात काढली, त्यामुळे इथे तोंड उघडायचा हक्क सांगते.

गंगेत आगबोटी आपल्या कल्पनेपेक्षा फार लवकर आल्या. लखनौच्या नवाबासाठी १८१९ साली गोमतीत एक वाफेची नाव केली होती, ती हौसेची. १८२३ साली खिदिरपूरला 'डायना' पाण्यात उतरली आणि पुढच्याच वर्षी इंग्रज-ब्रह्मी युद्ध सुरू झाल्यावर तिला इरावतीत नेलं. म्हणजे भाट्येकर, तुमच्या थिबाच्या साठ वर्षं आधी त्या नदीने वाफेची बोट पाहिली ती कोलकात्यात बांधलेली, आणि तीही लढाईवर आलेली. १८३४ साली 'लॉर्ड विल्यम बेंटिंक' ही लोखंडी बोट गंगेत आली आणि अलाहाबादपर्यंतचा मार्ग सुरू झाला. प्रवासी आगबोटीत बसत नसत, मागे ओढल्या जाणाऱ्या वेगळ्या नावेत बसत. बॉयलर फुटला तर फुटू दे, आपण दोरीच्या दुसऱ्या टोकाला!

@ठाणेकर_मूळचे, गंगेतही रेल्वेनेच खाल्लं. आगबोट टिकली ती पूर्व बंगाल आणि आसामात, कारण तिथे रूळ टाकायला सलग जमीनच नाही. १८७१ साली रेल्वे गोआलंदोला पोचली. सियालदाहून रात्रीची गाडी, सकाळी गोआलंदो घाट, तिथून आगबोटीने नारायणगंज, मग ढाका. कित्येक पिढ्या अशाच गेल्या.

आता खरी मजा. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ ज्योतिरिंद्रनाथ यांनी १८८०च्या दशकात आगबोटीचा धंदा काढला. लिलावात सात हजार रुपयांना एक बोट घेतली. घरी येऊन कळलं की तो नुसता लोखंडी सांगाडा आहे, इंजिन आणि खोल्या आपणच घालायच्या. तरी घातल्या, खुलना-बारीसाल मार्गावर बोटी सोडल्या. समोर इंग्रज कंपनी, तिने भाडं पाडलं. यांनी त्याहून पाडलं. शेवटी यांच्या बोटीत प्रवास फुकट, वर खाऊही फुकट! बारीसालची पोरं निशाणं घेऊन गाणी म्हणत प्रवासी गोळा करून आणायची. सगळे आनंदात, हिशेब सोडून. एक बोट तर हावड्याच्या पुलाला आपटून बुडाली, आणि धंदा आटोपला. त्या बोटीचं नाव 'स्वदेशी'.

खारेदाणे
प्रवास फुकट, खाऊ फुकट. हल्लीच्या भाषेत याला स्टार्टअप म्हणतात.

आडगावचा_बाळ्या
फुकट खाऊवरून आठवलं. तुतिकोरिनला चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली स्वदेशी आगबोट कंपनी काढली, कोलंबोच्या मार्गावर. गोऱ्या कंपनीने तिच्याविरुद्ध भाडं शून्यावर आणलं आणि वर प्रवाशांना छत्री भेट दिली, असं सांगतात. पिळ्ळै हे टिळकांचे कट्टर अनुयायी. नदी नव्हे, समुद्र आहे, पण गोष्ट तीच.

सुपारीबागायतदार
आणि आमच्या कोकणात 'माझी आगबोट कंपनी'! खरं नाव इंडियन को-ऑपरेटिव्ह काहीतरी लांबलचक होतं, पण लोक 'माझी आगबोट' म्हणत. बोटींची नावं जयंती, तुकाराम, रामदास. गोऱ्या कंपनीच्या बोटीत बसायचं नाही, आपल्या बोटीत बसायचं, असा बाणा.

जुईली
'रामदास' म्हटलं की आमच्या घरात आजही आवाज खाली येतो. १७ जुलै १९४७. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली, गटारीचा मोसम, माणसं खच्चून भरलेली. काशाच्या खडकाजवळ पावसाळी लाटेत कलंडली. सहाशेवर माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलेलं. आजीचा चुलता त्या बोटीला जायचा होता, त्याची धक्क्यावर पोचायला उशीर झाल्याने चुकली. पुढे आयुष्यभर तो कुठेही वेळेवर गेला नाही, आणि कोणी त्याला बोललंही नाही.

कोलंबीकालवण
अंगावर काटा आला.

आमच्या आजीच्या आठवणी त्यामानाने हलक्या. मालवणला बोट धक्क्याला लागत नसे, दूर उभी राहायची. पडावातून जायचं, आणि लाटेने पडाव वर आला की नेमक्या क्षणाला बोटीच्या शिडीवर पाय. आजी म्हणायची, "माका खलाशान बटाट्याच्या पोत्यासारखी उचलून वर टाकल्यान, आणि माझ्या मागसून बटाट्याचा पोता आपल्या पायान चडल्यासारखा अलगद इला." रागावलेली होती ती पोत्यावर.

सेंटलुईसकर
मिसिसिपीच्या काठी राहतो, त्यामुळे हा धागा माझ्याच अंगणातला. जुईली यांच्या प्रतिसादावरून : 'सुलताना' नावाची चाकाची आगबोट, २७ एप्रिल १८६५, मेम्फिसजवळ. यादवी युद्ध संपलेलं, कैदेतून सुटलेले सैनिक घरी निघालेले. सरकार माणशी पैसे देणार, म्हणून ३७६ माणसांच्या बोटीत दोन हजारांवर कोंबली. बॉयलरला आधीच ठिगळ मारलेलं. मध्यरात्रीनंतर बॉयलर फुटले, अकराशेहून जास्त माणसं गेली. टायटॅनिक सगळ्यांना माहीत, ही कोणाला नाही, कारण त्याच महिन्यात लिंकनचा खून झाला होता आणि वर्तमानपत्रांत जागा नव्हती. रामदासचंही तसंच झालं असेल का? पुढच्याच महिन्यात १५ ऑगस्ट.

जुईली
@सेंटलुईसकर, बाहेर तसंच झालं असेल. रेवस-अलिबागकडे नाही. तिथे कोणी विसरलं नाही.

क्लाइडवासी
धागा उशिरा दिसला. 'कोणी बांधली' या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरापासून गाडीने पंचवीस मिनिटांवर आहे. डम्बार्टन, स्कॉटलंड. क्लाइड नदीला लेव्हन नदी जिथे मिळते तिथे विल्यम डेनी अँड ब्रदर्स यांची गोदी होती.

इरावती फ्लोटिला कंपनी १८६५ साली सुरू झाली, मालक ग्लासगोचे. डेनी घराण्याचे तिच्यात भाग होते, त्यामुळे बोटींची मागणीही घरचीच आणि गोदीही घरचीच. १९२०च्या दशकात तिच्याकडे सहाशेवर लहान-मोठ्या नावा होत्या आणि वर्षाला नव्वद लाख प्रवासी. जगातला सर्वांत मोठा नदीतला ताफा म्हणत. सर्वांत मोठ्या बोटी ३२६ फूट लांब, डेकवर चार हजारांहून जास्त माणसं घेणाऱ्या. तुलनेला, रामदास १७९ फूट होती.

गंमत म्हणजे असली बोट समुद्रातून आणता येत नाही. दर्यावर्दीकाकांचं ते सपाट ताट बिस्केच्या उपसागरात क्षणात उलटेल. म्हणून डम्बार्टनला बोट नुसती नट-बोल्टांवर उभी करायचे, प्रत्येक पत्र्याला, प्रत्येक फासळीला नंबर घालायचे, मग सगळी सुटी करून खोक्यांत भरून रंगूनला पाठवायचे. तिथे पलीकडच्या काठावर डाला इथे कंपनीचा कारखाना. तिथे नंबर जुळवून रिव्हेट मारत पुन्हा उभी करायची.

डेनींचं दुसरं वेड म्हणजे पाण्याची टाकी. १८८३ साली त्यांनी शंभर मीटर लांबीची टाकी बांधली, तिच्यात बोटींचे मेणाचे नमुने ओढून पाण्याचा विरोध मोजायचा. खासगी गोदीने बांधलेली जगातली ही पहिलीच. आता ते संग्रहालय आहे. आत गेलो तर त्या लांबलचक पाण्यावर लाकडी छपराखाली अजून मेण-पाण्याचा वास येतो, का मलाच आला देव जाणे. गोदी मात्र १९६३ साली बंद पडली.

दर्यावर्दी
वा! या सुट्या बोटींच्या प्रकाराचा बादशहा म्हणजे पेरूची 'यावारी'. १८६२ साली लंडनला केली, टिटिकाका सरोवरासाठी. सरोवर साडेबारा हजार फुटांवर. बोटीचे २,७६६ तुकडे, खेचरांच्या पाठीवरून अँडीज चढवले. पाण्यात उतरली १८७०च्या नाताळात. सहा-सात वर्षांची गॅरंटी असती तर वाटेतच संपली असती.

सेंटलुईसकर
@क्लाइडवासी, थांबा थांबा, डेनी? डम्बार्टन? आमच्याकडे अमेरिकन नदीसंस्कृतीचं प्रतीक म्हणून जिची आरती ओवाळतात ती 'डेल्टा क्वीन', १९२७ सालची, मागे लाल चाक असलेली, तिचा सांगाडा डेनीकडेच घडवला होता! तिथून तुकडे कॅलिफोर्नियात स्टॉक्टनला आले आणि तिथे जोडले. म्हणजे थिबाच्या नदीतल्या बोटी आणि मार्क ट्वेनच्या नदीतली ही राणी, सख्ख्या गोदीबहिणी.

तिखटजाळ
'गोदीबहिणी' हा शब्द शब्दकोशात घ्या रे कोणीतरी.

पेस्तनजींचा_भाडेकरू
सगळं श्रेय स्कॉटिश लोकांना देऊन कसं चालेल? मुंबईत वाडियांची गोदी होती की. इरावतीच्या बोटीही तिथेच होत असणार. हिंदुस्थानातली पहिली आगबोट 'ह्यू लिंडसे' मुंबईचीच, १८२९.

मिष्टीदोई
पहिली नव्हे. वर 'डायना' लिहिलंय, १८२३. प्रतिसाद वाचून लिहावे ही नम्र विनंती. :)

दर्यावर्दी
इरावतीच्या बोटी मुंबईच्या नव्हेत. वाडियांचं खरं राज्य सागवानी जहाजांचं, १८१७ सालचं त्यांचं 'ट्रिंकोमाली' अजून इंग्लंडात तरंगतंय. 'ह्यू लिंडसे'चा मान वेगळा : १८३० साली ती मुंबईहून सुएझला वाफेवर गेली.

पण भाडेकरूसाहेब, तुमच्या हाताशी याहून मोठा पत्ता आहे. अर्देशिर कर्सेटजी वाडिया. लाकडी जहाजांच्या घराण्यात जन्मून याला वेड वाफेचं. १८३३ साली 'इंडस' नावाची साठ टनांची लहान बोट केली, तीत इंजिन बसवलं. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, पहिला भारतीय. मुंबईच्या गोदीतल्या वाफेच्या कारखान्याचा मुख्य अभियंता, हाताखाली गोरे कारागीर, आणि त्या गोऱ्यांची त्यावरून पोटदुखी. १८६१ साली तो सिंधू नदीतल्या आगबोटींच्या कंपनीचा प्रमुख अभियंता म्हणून सिंधमध्ये गेला आणि कोटरीचा कारखाना उभा केला. म्हणजे नदीतल्या आगबोटींच्या इतिहासात आपल्या मुंबईचा माणूस आहे, फक्त नदी सिंधू आहे. तिथेही पुढे रेल्वे आली आणि बोटी गेल्या, हे आता सांगायला नको.

पेस्तनजींचा_भाडेकरू
हे माहीत नव्हतं. माघार, पण ताठ मानेने.

सुपारीबागायतदार
बोटी कोणी बांधल्या ते झालं, चालवल्या कोणी? इरावतीवर सारंग (खलाशांचा मुकादम) आणि खलाशी चितगावचे. आणि मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या बोटींवर आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान. सारंग, टंडेल, कसाब असे हुद्दे, बॉयलरपुढे कोळसा मारणारा तो आगवाला, इंजिनाला तेल घालणारा तेलवाला. आमच्या शेजारच्या मोहल्ल्यात अजून एका घराला 'सारंगांचं घर' म्हणतात, घरात तीन पिढ्या कोणी बोटीवर गेलेलं नाही.

मिष्टीदोई
आणि खलाशांच्या जेवणाचं? गोआलंदोच्या बोटीवर खलाशी स्वतःसाठी कोंबडी शिजवायचे, तिच्या वासाने वरच्या वर्गातले प्रवासी खाली यायचे. 'गोआलंदो स्टीमर चिकन' म्हणून बंगालात दंतकथा आहे. गरम मसाला नाही, वाटण नाही. कांदा, लसूण, आलं जाडसर चिरून-ठेचून, सुक्या लाल मिरच्या, हळद, मीठ आणि सढळ मोहरीचं तेल, सगळं कोंबडीला चोळून ठेवायचं आणि तसंच मंद शिजवायचं. काही जण सुकी कोलंबी कुटून घालतात, तोच खरा गुपित माल.

कोलंबीकालवण
सुकी कोलंबी! म्हणजे सोडे! धागा पाककृती विभागात हलवावा अशी मागणी करतो.

ठाणेकर_मूळचे
मी २०१४ साली ढाक्याच्या सदरघाटावरून अशा बोटीत बसलोय. तिकडे त्यांना 'रॉकेट' म्हणतात, वेग बघता विनोदच. ऑस्ट्रिच, माहसूद, लेपचा, टर्न अशी नावं, माहसूद १९२८ सालची. वाफ जाऊन डिझेल इंजिन आलेलं, पण कुशीची चाकं तीच. रात्री चाकाच्या पेटीला पाठ टेकून बसलो तर एक संथ धपाधप ऐकू येत राहते, आजीने शेजारच्या खोलीत गोधडी झटकल्यासारखी. पहाटे धुकं इतकं की बोट नदीच्या मधोमध नांगर टाकून तीन तास उभी, आणि कोणाची काही तक्रार नाही. २०२२ साली पद्मा नदीवर पूल झाला आणि तो मार्ग बंद पडला. रेल्वेतून सुटलेलं पुलाने खाल्लं.

इरावतीच्या ताफ्याचं काय झालं पुढे?

क्लाइडवासी
बुडवला. १९४२ साली जपानी फौजा येताहेत म्हटल्यावर बोटी त्यांच्या हाती पडू नयेत म्हणून कंपनीच्याच माणसांनी एकेक करून शेकडो नावा नदीच्या तळाशी घातल्या. ज्यांनी वर्षानुवर्षं सांभाळल्या त्यांनीच बुडांना भोकं पाडली. युद्धानंतर थोड्या वर काढल्या, नव्या आणल्या, पण १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि सरकारने धंदा ताब्यात घेतला.

आणि भाट्येकर, तुमचा पहिला प्रश्न. सगळे कोंबडी शिजवत बसले, उत्तर कोणी दिलंच नाही. थिबा आणि राणी सुपायालत यांना २९ नोव्हेंबर १८८५ रोजी राजवाड्यातून बैलांच्या गाडीत बसवून नदीवर आणलं आणि 'थूरिया' नावाच्या आगबोटीवर चढवलं. बोट इरावती फ्लोटिला कंपनीची. रंगूनहून पुढे मद्रासला 'कॅनिंग', आणि मद्रासहून रत्नागिरीला 'क्लाइव्ह', म्हणजे सुपारीबागायतदारांचे गुरुजीही बरोबर. आणखी एक, थिबाला पकडणाऱ्या जनरल प्रेंडरगास्टचं इंग्रज सैन्य थायेतम्योहून मंडालेपर्यंत दोन आठवड्यांत पोचलं तेही याच कंपनीच्या बोटी आणि फ्लॅट भाड्याने घेऊन.

सुपारीबागायतदार
गुरुजी वरून आशीर्वाद देत असतील. एक तृतीयांश तरी.

भाट्येकर
मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री भाच्याला फोनवर सगळं सांगितलं. ताट, चाकं, खोके, नंबर घातलेले पत्रे. नंबर चुकला तर काय करायचे, हे त्याला हवं होतं, ते मला येत नाही. मग 'थूरिया' सांगितलं, आणि सैन्यही त्याच कंपनीच्या बोटींतून आलं हेही.

थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे सैन्याचं तिकीट काढलं, मग राजाचं तिकीट काढलं. मामा, कंपनीचं बरंय ना?"

गणपतीत आला की त्याला भाट्याच्या खाडीवर नेणार आहे. आणि @मिष्टीदोई, कोंबडी रविवारी केली. सोडे घरचे होते. एका कोंबडीला लसूण किती ते तुम्ही लिहिलं नव्हतं, मी दोन गड्डे घातले, बायको अजून खिडक्या उघड्या ठेवते आहे.

मिष्टीदोई
एक गड्डा, भाट्येकर. एक.